सतरंजीचं दाराजवळचं टोक

उपासनेला आई बसायची ती सतरंजीच्या दाराजवळच्या टोकाला. तिच्या उजव्या हाताला दाराची चौकट आणि डाव्या हाताला ती बाई. त्या बाईच्या केसांत कापसाचे तंतू अडकलेले असत, आणि उपदेश ऐकता ऐकता आई ते एकेक करून वेचत असे. माझ्या जळगावच्या आठवणी इथून सुरू होतात. स्टेशन, टांगा, नवं घर हे सगळं मी त्याआधी पाहिलं असणार. पण डोळे मिटले की आधी आईची दोन बोटं दिसतात आणि मग दुसऱ्या कुणाचे तरी केस.

मी सात वर्षांची असताना मला इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात ठेवलं. तेव्हा आम्ही नगरकडे राहत असू. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि आई बायबलबाई. गावोगाव जायचं, बायकांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या, गाणी शिकवायची, कुणी आजारी असेल तर उशाशी बसायचं, हे तिचं काम. वसतिगृहात जाण्याआधीच्या काळातलं मला फारसं काही आठवत नाही. आठवते ती रविवारची उपासना. आईला अगदी लागून मी बसलेली, वर कुणीतरी बोलत असलेलं, आणि आईचा हात माझ्या केसांतून फिरत असलेला. वसतिगृहात केस विंचरायला एक आया होती. तिच्यापुढे आम्ही मुली रांगेत उभ्या राहत असू, आणि तिच्या हाताला फार घाई असे.

माझ्या शाळेच्या शेवटच्या वर्षांत बाबांची बदली खानदेशात झाली. परीक्षा जवळ आली होती, म्हणून त्या सुट्ट्या मी मावशीकडे काढल्या. परीक्षा संपवून थंडीच्या तोंडाशी जळगावला आले तेव्हा लढाई चालू होती, रॉकेलला रांगा लागत होत्या, आणि पुढे काय शिकायचं ते कुणालाच ठरवता येत नव्हतं. मला त्याची घाई नव्हती. मला एवढंच हवं होतं की रविवार यावा आणि मी आईच्या शेजारी जाऊन बसावं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. अठरा वर्षांच्या मुलीने असं काही सांगायचं नसतं.

आमचं चर्च घरासमोरच होतं, मधे फक्त अंगण आणि कुंपण. मंगलोरी कौलांची साधी इमारत, आणि पुढे कडुनिंब. त्या निंबाला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा टांगलेला होता. तीच आमची घंटा. रेल्वेतून निवृत्त झालेले एक म्हातारे गँगमन होते. सगळे त्यांना आबा म्हणत. तो तुकडा त्यांनीच कुठूनसा आणला होता आणि हातोडाही त्यांचाच होता. पहिली घंटा लोकांना बोलवायला, आणि दुसरी सगळे येऊन बसले म्हणजे. दुसरी झाली की उपासना चालवायला पाळकसाहेब उभे राहत.

पहिल्या रविवारी मला उशीर झाला. लुगडं नेसायची सवय नव्हती. निऱ्या धरल्या की पदर कमी पडे आणि पदर बरा झाला की निऱ्या सुटत. आई माझ्यासाठी थांबली नाही, बायकांना जागा करून द्यायला तिला आधी जावं लागे. मी दारात पोचले तेव्हा उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका, सगळे बसलेले. आईच्या शेजारी एक काळीसावळी, उंच बाई गुडघे उभे धरून बसली होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बठा!" आणखीही काही म्हणाली असेल, पण त्याच क्षणी बाहेर आबांनी रुळावर हातोडा मारला आणि पुढचं सगळं त्या आवाजात बुडालं.

बठा म्हणजे बसा. दोनच दिवसांपूर्वी बाबांबरोबर एका घरी गेले होते, तिथल्या आजीबाईंनी "बठा, बठा" करत घोंगडी पुढे सारली होती. तेवढी अहिराणी मला येऊ लागली होती. पण त्या आजीबाईंचं म्हणणं वेगळं आणि हे वेगळं. माझ्या आईच्या शेजारी बसून, भरल्या चर्चमध्ये, कोण कुठली बाई मला हुकूम सोडत होती. कान तापले. सगळ्यात मागे एक बाक होता, मिशनच्या मडमसाहेब आल्या तर त्यांच्यासाठी ठेवलेला. मी तिथे जाऊन बसले. तिथून मला आईची पाठ दिसत होती, आणि थोड्या वेळाने तिचा हात दिसला.

दुपारी जेवताना आईनेच त्या बाईची हकीकत सांगितली. विचारलं नसतानाही सांगितली, आणि फार कौतुकाने. बाई धरणगावकडच्या एका गावची, कापूस पिकवणाऱ्या घरातली. नवरा गेल्यावर बरेच दिवस ती कुणाशी बोलेना, तेव्हा आई तिच्याकडे जाऊन बसायची. पुढे तिने बाप्तिस्मा घेतला. घरच्यांनी मारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. फक्त तिची थाळी घरातून काढून ओट्यावर ठेवली. रोज आत सगळे जेवत आणि ही बाहेर. एक दिवस ती थाळी घेऊन जळगावला आली. आता ती मेहरूणला तलावाजवळ एका खोलीत राहत होती आणि सरकी काढायच्या जिनात काम करत होती. हंगामात जीन रविवारीही चाले. ती मुकादमाशी भांडून पहिल्या घंटेच्या वेळेला सुटायची आणि अंगावर कापूस घेऊन तशीच धावत यायची.

"बिचारीला माणसांत जेवायची फार हौस," आई म्हणाली. "उद्या संध्याकाळी येईल, बघ तू. हसवून हसवून मारते."

ती आली. बूड टेकायच्या आधी तिने आईच्या हातातलं सूप काढून घेतलं आणि ज्वारी पाखडायला बसली, जणू ते सूप तिचंच होतं. मी खिडकीशी वाचत होते.

"काय वाची राह्यनी वं, धाकली मडम?"

धाकली मडम म्हणजे मी. मोठी मडम मिशनच्या बंगल्यात राहत होती.

"प्रार्थनेचं पुस्तक आहे."

"इंग्रजी शे?"

"हो."

"मंग देवले इंग्रजी समजस?" ती थबकून माझ्याकडे बघत राहिली, आणि मग आईकडे वळली. "अक्का, तुमना देव तं भलताच शिकेल दिखस! आमनासंगे अहिराणी बोलस, मडमसंगे इंग्रजी!"

आई हसली. तोंडाला पदर लावून, पुढे वाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मी तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मी आल्यापासून मला तिला एकदाही हसवता आलं नव्हतं. माझ्याशी ती पाहुण्यांशी बोलावं तशी बोले. "तुला चालेल ना?" "तिखट झालं नाही ना?" माझ्यासाठी तिने बाजारातून पाव आणून ठेवला होता. त्या बाईसाठी मात्र आई तव्यावरची करपट भाकरी बाजूला काढून ठेवायची, कारण बाईला ती आवडत असे. मला काय आवडतं हे आईला माहीत नव्हतं, आणि मीही सांगत नव्हते. आमच्या दोघींमध्ये वसतिगृहाची सगळी वर्षं पाय पसरून बसली होती. त्या दोघींमध्ये काहीच नव्हतं, एक सूप सोडलं तर.

असे काही रविवार गेले. लुगडं मला वेळेवर नेसता येईना, म्हणून सगळ्यांत शेवटी मीच पोचायची. दर वेळी ती मान वर करी, माझ्याकडे रोखून बघे, म्हणे "बठा!" आणि रूळ वाजे. मला वाटू लागलं की ती आबांशी संधान बांधूनच हे करते. तिला माहीत होतं की मी उशिरा येते, मी लाजते, मला भरल्या सभेत चालत जायला नको वाटतं. म्हणूनच ती असं करत असणार. एकदा आई म्हणाली, "सतरंजीवर बसशील का आमच्याजवळ? की पाय दुखतील तुझे?" आमच्याजवळ म्हणाली, माझ्याजवळ नाही. मी म्हटलं, "बाकच बरा आहे."

शेवटी मी जायचंच सोडलं. पहिल्यांदा डोकं दुखतंय म्हणाले. दुसऱ्यांदाही तेच म्हणाले. तिसऱ्या वेळी बाबा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या एका हातात बूट आणि दुसऱ्यात फडकं होतं.

"आजही डोकं?"

"नाही," मी म्हटलं. "मी घरीच प्रार्थना करीन. माझं पुस्तक आहे. देव सगळीकडे असतो ना, बाबा?"

"असतो."

"मग तो या खोलीतही आहे."

बाबांनी बुटाचं टोक पुसलं. त्यांना वाद घालायला आवडत नसे. मास्तर असूनही त्यांचा आवाज कधी चढला नाही.

"देव सगळीकडे असतो, बाळ," ते म्हणाले. "माणसं तशी नसतात. ती एकेका जागीच सापडतात." आणि बूट घालून ते गेले.

मला ते उत्तर पटलं नाही. मला ज्या माणसाशेजारची जागा हवी होती ती सापडली होतीच, फक्त भरलेली होती. पण हे मी बाबांना काय सांगणार?

मग माझे रविवार घरात सुरू झाले. पहिली घंटा झाली की मी पुस्तक उघडून बसे. वसतिगृहात मी ते इतक्या वेळा वाचलं होतं की पान न बघताही म्हणता येई. पण रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणायला लागले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. त्यातल्या सगळ्या प्रार्थना अनेकवचनात होत्या. आम्ही चुकलो, आम्हांला दे, आमचं रक्षण कर. शाळेत पन्नास मुली एका सुरात म्हणत, तेव्हा हे कधी खटकलं नव्हतं. इथे आम्ही म्हणजे मी आणि खिडकीतली कुंडी. मी अनेकवचनाचं एकवचन करून पाहिलं. वाक्यं मोडली, लय गेली, आणि ज्याने कुणी ती लिहिली असतील त्याच्यावरच मला राग आला.

समोरच्या चर्चमधलं सगळं ऐकू येई. पहिली घंटा, चपलांचे आवाज, पोरांची रडारड. मग नुसता खाकरण्याचा आवाज आणि शांतता. दुसरी घंटा लवकर होतच नसे. मी आल्याबरोबर झटकन वाजणारा रूळ आता रेंगाळू लागला होता. मला वाटे, मडमसाहेबांची वाट बघत असतील. त्या मधल्या वेळात केव्हातरी ती बाई चर्चमधून बाहेर येई, कुंपणापर्यंत येई आणि माझ्या खिडकीकडे बघे. हात कमरेवर ठेवून थोडा वेळ उभी राही आणि परत जाई. मी पडद्याआड होते तरी तिला दिसतच असणार. मी मनात म्हणे, बघ, बघून घे. जागा तुला मिळाली, आता मला हे दाखवायलाही यायला हवं का?

उपासना सुटली की त्या दोघी बोलत बोलत फाटकापर्यंत येत. आई घरात येई, मला विचारी, "जेवायला वाढू?" ती मला रागावली असती तर बरं वाटलं असतं. माझ्या नसण्याने तिच्या डाव्या हाताला काही फरक पडत नव्हता, हे मला सोसत नव्हतं.

थंडीत धुळ्याला खानदेशातल्या सगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांचा मेळा भरे. त्याला बाबांनी मला नाही म्हणू दिलं नाही. चाळीसगावला गाडी बदलून आम्ही गेलो. आमच्या जळगावच्या मंडळीने बायकांचा अख्खा डबा भरला होता. ती बाई आईच्या पायाशी गाठोड्यावर बसून साऱ्या वाटेने मुकादमाची नक्कल करत होती, आणि अनोळखी बायकासुद्धा हसत होत्या. मी खिडकीबाहेर बघत होते. हसू येऊ नये म्हणून मी ओठ आत ओढून धरले होते, हेही मला आठवतं.

धुळ्यात पांझरेच्या काठी शाळेच्या मैदानावर मांडव घातला होता. पश्चिमेच्या डोंगरांतून भिल्ल मंडळी बैलगाड्या जोडून आली होती, तापीकाठचे लोक आले होते. साक्री, पारोळा, अमळनेर, सगळीकडचे. मला एवढी माणसं एका छपराखाली बघायची सवय नव्हती. मी मांडवाच्या कडेला आबांच्या मागे बसले. आबा कमी बोलत, म्हणून मला त्यांच्याजवळ बरं वाटे.

सकाळी सभा सुरू व्हायच्या आधी एक पांढऱ्या मिशांचे वडील गृहस्थ उठले आणि एकेका गावाचं नाव पुकारू लागले. नाव पुकारलं की त्या गावचं कुणीतरी उभं राही आणि ओरडून उत्तर देई. पहिल्या गावाचं उत्तर आलं, आणि मी दचकले. "बठ्ठा उनात!" दुसरं गाव. "बठ्ठा उनात!" एका गावची म्हातारी उभी राहिली आणि डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "दोन बाकी शेत." सगळा मांडव च्‌च्‌ करून हळहळला. मग पुन्हा पुढचं गाव, पुन्हा तेच, आणि लोक टाळ्या वाजवत होते.

मी आबांना हळूच विचारलं, "आबा, हे सगळे उभं राहून बसा बसा का म्हणतात?"

आबांनी मागे वळून पाहिलं. आधी त्यांना कळलंच नाही. मग त्यांचे खांदे हलायला लागले.

"बठा नई वं माय, बठ्ठा! बठ्ठा म्हंजे सगळा. सगळा उनात, सगळे आले असं म्हनी राह्यनात. बाकी शे म्हंजे कोनी येवानं राह्यनं." त्यांनी डोळे पुसले. "आपलाकडे बी तीच म्हनस ना. तू दारमा उनी का ती म्हनस, बठ्ठा उनात, आनि मी हातोडा मारस. तू येवानं सोडं, तव्हयपासून ती म्हनस, एक बाकी शे. कुंपनपावत जाई येस, दखी येस, आनि म्हनस, थांबा आबा, आखो एक बाकी शे. पाळकसाहेब घड्याळ दखतस. मी हातोडा धरीसन उभा. मना हात दुखस, माय! तुनी वाट दखीदखी लोकेस्ना पाय बधिर व्हयी गयात."

सगळं एकदम उलटं झालं होतं. ती दारातली नजर, तो खणखणीत आवाज, ते कुंपणापर्यंत येणं. माझ्या कानाने एका शब्दातलं एक अक्षर गाळलं होतं, आणि त्या गाळलेल्या अक्षरावर मी एवढा राग रचला होता.

कुणी म्हणेल, मग राग गेला असेल. गेला नाही. मला मोजत होती ती आई नव्हती, ती बाई होती. कुंपणापर्यंत यायचं आईला सुचलं नव्हतं, किंवा धीर झाला नव्हता, आणि हिने ते दर रविवारी केलं होतं. आईची जागा तिच्याकडे, आईचं हसू तिच्याकडे, आणि आता मोठं मनही तिच्याकडेच निघालं. हेवा करायला आणखी एक गोष्ट वाढली. तिच्या चांगुलपणाचाही मला हेवा वाटला, खरं तर त्याचाच जास्त.

"जळगाव!" गृहस्थांनी पुकारलं.

ती उठली. टाचा उंचावून तिने आमच्या माणसांवरून नजर फिरवली. आई, बाबा, पाळकसाहेब, मुलं, आबा. मग आबांच्या मागे माझ्यावर येऊन ती थांबली. कितीतरी रविवार तिने हे वाक्य म्हटलं नव्हतं. तिने छाती भरून श्वास घेतला आणि असं काही ओरडली की पलीकडच्या गाड्यांचे बैल माना वळवून बघू लागले.

"बठ्ठा उनात!"

जळगावला परतल्यावर मी सतरंजीवर बसू लागले. पण आईच्या शेजारी नाही. दाराची चौकट, मग आई, मग ती, आणि तिच्या पलीकडे मी, असा आमचा क्रम लागला. मला बघून तिने सरकून जागा केली, पण आमच्या मध्ये मात्र ती तशीच राहिली. या जागेवरून कुणी झुरत असेल अशी तिला कल्पनाच नव्हती. नवऱ्याला, मुलाला जपावं तसं कुणाला आईला आपल्यापाशी जपून ठेवावंसं वाटतं हे तिला कळलं असतं, पण चर्चमध्ये जागेची मालकी असते हे तिच्या डोक्यात शिरलं नसतं. ज्या घरात तिची जागा ठरलेली होती, तिथून तिला ओट्यावर काढलं होतं. इथे ती जिथे रिकामं दिसेल तिथे बसत होती. आई तिचे केस वेचत राहिली. वेचलेला कापूस वाऱ्याने माझ्या मांडीवर येई, आणि मी तो गोळा करून पदराच्या टोकाला पुसून टाकी.

तरी मी रविवार चुकवला नाही. माझ्यामुळे एवढ्या लोकांना ताटकळत बसावं लागतं हे कळल्यावर घरी बसणं जमेना. खरं सांगायचं तर त्यात थोडा गर्वही होता. मी गेल्याशिवाय रूळ वाजत नव्हता. वसतिगृहात माझ्यावाचून काहीही अडलं नव्हतं.

उन्हं तापू लागली, कापसाचा हंगाम सरत आला. एका रविवारी पहिली घंटा झाली आणि ती आली नाही. मी लवकर आले होते. आईच्या डाव्या हाताची जागा रिकामी होती, आणि सतरंजीवर गेल्या आठवड्याचा एक कापसाचा तंतू चिकटून राहिला होता. शेजारच्या बाईने सांगितलं, तिला हिवताप भरलाय, रात्रभर कुडकुडत होती.

मी सरकले. आईच्या अगदी लगत बसले. तिचा दंड माझ्या दंडाला लागला. सात वर्षांची असताना मी ज्या ठिकाणाहून उठून गेले होते, तिथे परत आले होते. आता बाकी काही नको होतं.

आईचा हात सवयीने वर आला. बोटं माझ्या केसांत शिरली, थोडी फिरली, काही शोधत राहिली. मी आदल्या दिवशीच नाहून तेल लावलं होतं. वेचण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. बोटं रिकामी परत गेली आणि तिच्या मांडीवर पडून राहिली.

दारात आबा हातोडा धरून उभे होते. ते आमच्या कोपऱ्याकडे बघत होते. उत्तर द्यायला कुणी नव्हतं. पाळकसाहेबांनीही इकडे पाहिलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आईने मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी नुसती मान हलवली असती तरी आबांना कळलं असतं. पण मी उठले. भरल्या चर्चमध्ये मी त्याआधी कधी तोंड उघडलं नव्हतं, गाण्यातसुद्धा ओठच हलवायची. मी म्हटलं, "बठा नई उनात."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग आबा दारातून मोठ्याने म्हणाले, "आम्ही बठेलच शेतस ना, बाई! आखो कितलं बठानं?"

आधी पुरुषांकडून हसू फुटलं, मग बायकांकडून. पाळकसाहेबांनी पुस्तक तोंडापुढे धरलं, पण पुस्तक हलत होतं. मी मटकन खाली बसले. पुन्हा तेच अक्षर, आता माझ्याच जिभेने गाळलं होतं. आणि आई हसत होती. तोंडाला पदर, पुढे वाकलेली. मग तिला धरायला काही हवं म्हणून तिने कपाळ माझ्या खांद्यावर टेकलं आणि तशीच हसत राहिली. तिचं हसू माझ्या हाडांतून जात होतं. मी हलले नाही.

बऱ्याच वेळाने तिने डोकं उचललं, डोळे पुसले आणि माझा हात धरून म्हणाली, "अगं, हे तिला सांगायलाच हवं."

आबांनी हातोडा उंबऱ्याशी ठेवून दिला. त्या दिवशी दुसरी घंटा झालीच नाही, तशीच उपासना झाली.

उपासना सुटताच आईने पेज केली आणि आम्ही मेहरूणच्या वाटेला लागलो. ऊन चढलं होतं. भांडं माझ्याकडे होतं आणि आई रिकाम्या हातांनी भराभर पुढे चालली होती. मध्येच तिला हसू येत होतं. ती मनातल्या मनात ती गोष्ट जुळवत होती, हे मला तिच्या पाठीवरून कळत होतं. मी ओठांतल्या ओठांत बठ्ठा, बठ्ठा, असं घोकत होते. ती गोष्ट माझी होती. आईने ती आधी सांगून टाकू नये म्हणून, पेज सांडणार नाही अशा बेताने, मी पावलं उचलली आणि तिच्या पुढे झाले.